प्रत्येक दवाखान्यात पहिलाच दिवस

पंधरा वर्षांची मुलगी, दहावीतली. घर सिंहगड रस्त्यावरून धायरीकडे वळणाऱ्या एका गल्लीत. वडील टेम्पो चालवतात, आई पोळी-भाजी केंद्रात सकाळची पाळी करते, धाकटा भाऊ चार वर्षांचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हिला खोकला सुरू झाला आणि फुप्फुसाच्या टीबीचं निदान झालं डिसेंबरच्या मध्याला. मधले चार महिने ती अंगावर दुखणं काढत घरी बसली असती, तर त्यात लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण ती पहिल्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेली होती आणि नंतरही जात राहिली. हा उशीर सगळा दवाखान्यात पाऊल टाकल्यानंतरचा आहे. (घरच्यांच्या परवानगीने लिहिलं आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उशिरा निदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुर्गम पाडा येतो, तीन तास चालत गाठायचं आरोग्य केंद्र येतं. पुण्यात तसं काही नाही. या मुलीच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरात दवाखान्यांच्या पाट्या मोजायला बोटं पुरणार नाहीत. गुण आला नाही की माणूस समोरच्या पाटीखाली जातो, आणि तिथे त्याचा आजार नव्याने सुरू होतो.

पिशवीतले कागद

आमच्या बाह्यरुग्ण विभागात ती आली तेव्हा आईच्या हातात साडीच्या दुकानातली जाड पिशवी होती. चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचा कागद, संपलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, एक्स-रेचं पाकीट, सगळं त्यात कोंबलेलं. कागद तारखेप्रमाणे टेबलावर लावले, तेव्हा तिचा आजार पहिल्यांदा एका ओळीत दिसला. तारखा आईला आठवत नव्हत्या, सण मात्र पक्के आठवत होते.

नागपंचमीच्या सुमारास खोकला आणि संध्याकाळी अंगात कणकण. गल्लीतल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध आणि तीन दिवसांचं अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं. डेंगीची तपासणी केली, ती निगेटिव्ह. त्या पावसाळ्यात पुण्यात डेंगी होता, चिकुनगुनियाने माणसं काठी टेकत चालत होती, जूनपासून झिकाचे रुग्ण सापडत होते, आणि जुलैच्या शेवटी खडकवासला धरणाच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलेलं. त्या दिवसांत आठवडाभराच्या तापाला कोणी टीबी म्हटलं नाही, याचा दोष मी तरी देणार नाही.

गणपतीत ती ढोल-ताशा पथकातून बाहेर पडली. आधीची दोन वर्षं ती पथकात होती. घरचे म्हणाले, दहावी आहे, बरंच झालं. खरं कारण तिने आम्हाला डिसेंबरमध्ये सांगितलं: ढोल कमरेला बांधला की चार ठोक्यांत दम लागायचा.

विसर्जनानंतर दुसरा दवाखाना. विडाल (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, म्हणून टायफॉईड, म्हणून पाच दिवस शिरेतून इंजेक्शनं. एकट्या विडालवर आपल्याकडे टायफॉईड ठरवणं किती कच्चं आहे, हे डॉक्टर मंडळींना माहीत असतं. पण हातात ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद असला की सगळ्यांनाच हायसं वाटतं. डॉक्टरांना उत्तर मिळतं, आईला नाव मिळतं.

ऑक्टोबरमध्ये तिसरा. इथे एक्स-रे झाला. रिपोर्टमध्ये ‘ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग ठळक’ (श्वासनलिका-रक्तवाहिन्यांच्या रेषा ठळक) हे नेहमीचं वाक्य, ज्याचा अर्थ लावावा तसा लागतो. निदान धुळीची अ‍ॅलर्जी. रात्रीची गोळी, इनहेलर आणि पाच दिवस स्टेरॉईड. स्टेरॉईडने ताप उतरला, भूक लागली, मुलगी दोन दिवस हसली-खेळली. हाच एक्स-रे आमच्या छातीच्या डॉक्टरांनी नंतर उजेडावर धरला, तेव्हा डाव्या गळपट्टीच्या हाडामागे एक फिकट सावली होती. आता माहीत आहे म्हणून ती दिसते. तेव्हाही दिसलीच असती असं छातीठोक म्हणता येणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा गल्लीतले डॉक्टर, आणि सात दिवस लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान याने केलं. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवर चालतं, औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत ते मुख्य औषधांपैकी एक आहे. साध्या छातीच्या संसर्गासाठी आठवडाभर दिलं की टीबी अर्धवट दबतो. ताप जातो, खोकला कमी होतो, आणि गुण आला म्हणजे साधा संसर्गच होता असं वाटून चौकशी थांबते. या मुलीची दिवाळी छान गेली. चकल्या खाल्ल्या, मैत्रिणींबरोबर सारसबागेत जाऊन आली. भाऊबीजेनंतर काही दिवसांत खोकला परतला.

नोव्हेंबरात आईची काळजी वेगळ्या दिशेला गेली. दोन महिने पाळी आली नव्हती. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ. सोनोग्राफी ठीक, हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या. या बाईंचं मात्र कौतुक करायला हवं. एवढ्या सगळ्या कागदांत ‘वजन खूप कमी झालंय, खोकला जुना, बेडका तपासा’ हे शब्द फक्त त्यांच्या चिठ्ठीवर आहेत. छातीशी ज्यांचा संबंध नाही, त्यांना छातीची शंका आली.

आता वजनाचं. जूनमध्ये शाळेच्या तपासणीत ४४ किलो. ऑगस्टच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात ४३. मधल्या दोन दवाखान्यांच्या छापील चिठ्ठीवर ‘वजन’ असं लिहिलेलं आहे आणि पुढची जागा मोकळी. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ३९. आमच्याकडे ३७. मुलांमधल्या टीबीची शंका घ्यायला सरकारी निकष आहे तो तीन महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटण्याचा. इथे सहा महिन्यांत सोळा टक्के गेलं होतं. हे आकडे चार वेगवेगळ्या ठिकाणी होते आणि कोणी ते शेजारी शेजारी ठेवले नव्हते. उलट लग्नकार्यात भेटलेल्या एका मावशीने ‘काय गं, डाएट का? छान बारीक झालीस’ म्हणून पाठ थोपटली होती.

दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला असेल तर टीबी तपासा, हा दुसरा निकष तर दवाखान्याच्या भिंतीवरच्या पोस्टरवरही असतो. पण दोन आठवडे कधीपासून मोजायचे? प्रत्येक नव्या डॉक्टरसमोर आई म्हणायची, ‘आठ-दहा दिवस झाले, परत सुरू झालंय.’ ती खोटं बोलत नव्हती. मधे गुण आला होता, म्हणून तिच्या लेखी हा नवा खोकला. घड्याळ दर वेळी शून्यावर.

बेडका

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून खाजगी लॅबमध्ये तपासणी झाली. ‘जंतू आढळले नाहीत.’ घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या रिपोर्टने आणखी तीन आठवडे खाल्ले.

डिसेंबरमध्ये रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा आई तिला आमच्याकडे घेऊन आली. मी मुलीला विचारलं, ‘लॅबमध्ये डबी दिली तेव्हा काय केलंस?’ आईकडे बघून ती गप्प. आईला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मग म्हणाली, ‘काउंटरवर सगळे बघत होते. बाथरूममध्ये जाऊन थुंकले.’

म्हणजे तपासली गेली ती लाळ. वर ती कफ गिळायची. ‘वर्गात थुंकायला कुठे जाणार?’ हा तिचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सिस्टरनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उपाशीपोटी बोलावलं. साध्या पाण्याने चूळ भरायला लावली. खाऱ्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने दिली. मग मागच्या मोकळ्या गच्चीवर नेऊन, स्वतः दोन हात लांब वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभ्या राहून, करून दाखवलं: खोल श्वास, धरून ठेव, परत खोल श्वास, आणि आता पोटातून खोक. तिसऱ्या वेळी डबीत चमचाभर पिवळट, घट्ट बेडका आला. या सगळ्याला वीस मिनिटंही लागली नाहीत. गर्दीच्या ओपीडीत तेवढी वीस मिनिटं काढायला माणूस लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो नसतो, हेही खरं.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलीटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅटला, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीला, शे-दीडशे पुरतात. शिवाय ते रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही दोन तासांत सांगतं. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात लहान मुलांसाठी पहिली तपासणी हीच करायची असं धोरण आहे, आणि ती सरकारी यंत्रणेत फुकट होते. तरीही खाजगी चिठ्ठीवर सवयीने स्मिअरच (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) लिहिला जातो. तिचं सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं, रिफॅम्पिसिनला दाद देणारं. नव्या एक्स-रेत डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होती, त्यासाठी तज्ज्ञांच्या डोळ्यांची गरज नव्हती.

किशोरवयीन मुलांचं दुखणं असं की ती कुठल्याच रांगेतली नसतात. बालरोगाच्या ओपीडीत तान्ह्या बाळांमध्ये बसायची त्यांना लाज वाटते. मोठ्यांच्या डॉक्टरांकडे आई बोलते आणि मूल मोबाईल बघतं. आजार मात्र मोठ्यांसारखा होतो: वरच्या भागात पोकळी, बेडक्यात भरपूर जंतू, दुसऱ्याला लागण होण्याइतके. म्हणजे या वयात तपासणी मागितली तर बहुतेकदा उत्तर मिळतं. मागितलीच जात नाही, ही गोची आहे. चार-पाच वर्षांच्या मुलात नेमकं उलट, आणि तेही याच घरात दिसलं.

घरात कोणाला आहे का?

हा प्रश्न दोन डॉक्टरांनी विचारला होता. चिठ्ठीवर तशी नोंद आहे: ‘घरात टीबी नाही.’ आमच्याकडेही आईने तेच सांगितलं. मग सिस्टरनी सहज गप्पांच्या ओघात विचारलं, ‘ताई, गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडे कोणी राहून गेलं का, खूप दिवस खोकणारं?’

आई थोडी थांबली. ‘माझा भाऊ होता. पण त्याला न्यूमोनिया होता.’

न्यूमोनियासाठी सहा महिन्यांच्या गोळ्या कोणी देत नाही. मुलीचा मामा आदल्या वर्षी नोकरी शोधायला गावाहून आला आणि चार-पाच महिने यांच्याच दोन खोल्यांत राहिला. गावाकडे खाजगी डॉक्टरांकडे उपचार सुरू होते, बरं वाटल्यावर गोळ्या सोडल्या. त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, म्हणून घरात टीबी हा शब्द उच्चारायचा नाही असं आजीने बजावलेलं. आई खोटं बोलली असं मला वाटत नाही. भावाचं घर वेगळं, गावाला. तिच्या हिशेबात ‘आमच्या घरात’ खरंच कोणाला नव्हतं.

मग धाकट्याकडे वळलो. चार वर्षांचा, वर्षभर वजन जवळजवळ तिथेच. खोकला अधूनमधून, ‘बालदमा आहे’ असं कोणीतरी सांगून ठेवलेलं. मॅन्टू चाचणीत (टीबीचा संसर्ग झालाय का हे बघणारी त्वचेवरची चाचणी) १४ मिलिमीटर फुगवटा. १० च्या वर आपल्याकडे पॉझिटिव्ह धरतात. एक्स-रेत फुप्फुसाच्या मुळाशी गाठी. हे पोर बेडका काढू शकत नाही, गिळतं. म्हणून रात्री भरती करून, पहाटे उठून काही खायच्या-प्यायच्या आत नाकातून नळी घालून जठरातलं पाणी घ्यायचं. आईने डोकं धरलं, वडील बाहेर निघून गेले. दोन दिवस हे केलं. सीबीनॅट दोन्ही वेळा निगेटिव्ह.

इथे थांबलो असतो तर दुसरा उशीर सुरू झाला असता. लहान मुलांच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात. निगेटिव्ह रिपोर्टने आजार नाही असं ठरत नाही. जवळच्या माणसाचा संसर्ग, मॅन्टू, एक्स-रे आणि थांबलेलं वजन एकत्र धरून त्याला उपचार सुरू केले. त्याला लागण मामाकडून झाली की ताईकडून, हे सांगता येत नाही.

या बाबतीत आपल्या डॉक्टरांची अडचणही समजून घ्यायला हवी. एके काळी महाराष्ट्रात भूक न लागणाऱ्या, मानेत बारीक गाठी असलेल्या कितीतरी मुलांना ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ (लहान मुलांतला सुरुवातीचा टीबी) म्हणून टीबीच्या गोळ्या खाऊ घातल्या गेल्या. आजही ‘लहानपणी मला प्रायमरी झालं होतं’ असं सांगणारी माणसं घरोघरी भेटतात, आणि त्यातल्या अनेकांना काही झालेलं नसावं. त्याची प्रतिक्रिया म्हणून पुराव्याशिवाय गोळ्या नकोत ही शिस्त आली. ती शिस्त योग्यच. पण पुरावा म्हणजे फक्त सापडलेला जंतू, असं धरून बसलं तर याच्यासारखी मुलं निसटतात. बीसीजीची लस दोघांनाही जन्मतः दिलेली होती. ती लहानग्यांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते. फुप्फुसाच्या टीबीची खात्री तिच्याकडून नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला. त्यातले सुमारे १२ टक्के पंधरा वर्षांखालचे, आणि एकूण रुग्णांपैकी २६ टक्के भारतातले. या मुलीसारखी पंधरा ते एकोणीस वयाची मुलं त्या १२ टक्क्यांत धरलेलीच नाहीत. ती मोठ्यांच्या आकड्यात विरघळून जातात.

निदानानंतर

औषधं तीच सर्वांना ठाऊक असलेली: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. लघवी केशरी होईल हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्यावरून घबराट झाली नाही. घबराट दुसऱ्याच गोष्टीवरून झाली.

२०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे. निक्षय पोर्टलवर नोंद होते आणि मग टीबीचे आरोग्य कर्मचारी घरी येतात. आईचा पहिला प्रश्न हाच होता: ‘गल्लीत कळेल का?’ महापालिकेच्या त्या मॅडमनी आधी फोन केला, गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये ठेवून आल्या आणि शेजारच्या काकूंना आईच्या केंद्रातल्या ओळखीच्या वाटल्या. पोषणासाठीचे पैसे, महिन्याला एक हजार (२०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत पाचशे होते), मुलगी अज्ञान असल्याने आईच्या खात्यावर घ्यायचं ठरलं. त्या कागदपत्रांवरच्या फेऱ्यांबद्दल न लिहिलेलं बरं.

जानेवारीत याच पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात, जीबीएसचे (गुलेन-बारे सिंड्रोम, ज्यात हातापायांना मुंग्या येऊन ताकद जाते) रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. पाण्याच्या टँकरपासून चिकनपर्यंत सगळ्यावर संशय. अशात एका रात्री मुलगी म्हणाली, पायाला मुंग्या येतायत. आई-वडील तिला टेम्पोतच घालून घेऊन आले. पायांत ताकद पूर्ण होती, गुडघ्याचा झटका व्यवस्थित येत होता. मग गोळ्यांची चौकशी केली. आयसोनियाझिड या टीबीच्या औषधासोबत दिलेली बी-६ ची गोळी ‘नुसतं व्हिटॅमिन तर आहे’ म्हणून तिने बंद केली होती. खंगलेल्या शरीरात आयसोनियाझिड हेच करतं. गोळी परत सुरू झाली, डोस वाढवला, तीन आठवड्यांत मुंग्या गेल्या. भीतीने त्या रात्री टीबीच्या गोळ्याच बंद झाल्या असत्या, हा खरा धोका होता.

फेब्रुवारीत दोन महिन्यांचा बेडका निगेटिव्ह आला. २१ तारखेला बोर्डाची परीक्षा सुरू झाली आणि ती सगळ्यांबरोबर वर्गात बसून पेपर देऊन आली. शाळेत फक्त वर्गशिक्षिकेला माहीत होतं. वजन तोवर ४१.

शिकवणीच्या क्लासचं प्रकरण तेवढं सुरळीत झालं नाही. दुकानावरचा एक माळा, एसीसाठी खिडक्या कायमच्या बंद, संध्याकाळी तीन तास खांद्याला खांदा लावून मुलं. चार महिने ती तिथे खोकत होती. क्लासवाल्यांनी आधी ‘पालक काढून घेतील’ म्हणून तपासणीसाठी मुलांची नावंच दिली नाहीत. परीक्षा संपल्यावर सर्वसाधारण आरोग्य तपासणी म्हणून यादी मिळाली, तोवर निम्मी मुलं सुट्टीला गावी गेलेली. आलेल्यांपैकी दोघांचे एक्स-रे पुन्हा बघायचे ठरले.

मामा आता चाकणला एका कारखान्यात लागला आहे. फोनवर म्हणतो, ‘मला काही होत नाही, उगीच मागे लागू नका.’ बहिणीने रडून सांगितलं, मेहुण्यांनी चिडून सांगितलं, उपयोग झाला नाही. तो भाड्याच्या एका खोलीत आणखी चौघांबरोबर राहतो. त्याची माहिती तिकडच्या टीबी पथकाला दिली आहे. त्याला रात्रपाळी असते, तेव्हा दुपारी चारनंतर खोलीवर गाठायचं आणि बेडक्याची डबी सोबतच न्यायची, असं ठरलं आहे.